खर्जाचा शेजारधर्म

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर इब्लूर चौकातून दोम्मसंद्राकडे निघाले की दुतर्फा उंच निवासी इमारती लागतात. नोकरीसाठी महाराष्ट्रातून गेलेली कितीतरी कुटुंबे तिथे स्थिरावली आहेत. मोठा फ्लॅट घेतला की एक खोली होम थिएटरला देण्याची हौस आता नवलाची राहिलेली नाही, आणि ती रास्तही आहे. पण पडदा, प्रोजेक्टर आणि सोफा यांवर महिनोन्‌महिने खल करणारी माणसे खर्जाचा स्पीकर, म्हणजे सबवूफर, मात्र उरलेल्या कोपऱ्यात ढकलतात. त्याची किंमत दोन घरांना मोजावी लागते.

आधी आपले घर पाहू. ४० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साधारण २८ फूट असते. खोली १४ फूट लांब असेल तर तिच्यात बरोबर अर्धी लहर मावते आणि तो सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहतो. भिंतींलगत तो फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. मध्यावर सोफा असलेल्याला खर्ज कमी वाटतो, म्हणून तो आवाज वाढवतो. वाढलेला खर्ज भिंतींपाशीच साचतो. कोपऱ्यातला सबवूफर तर खोलीतले असे सगळे घुमारे एकदम उठवतो. दणका मोठा होतो, पण ढोलाचा एक ठोका दुसऱ्यात मिसळून जातो.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. सबवूफर थोडा वेळ आपल्या बसायच्या जागी ठेवावा, खर्जाचे ओळखीचे संगीत लावावे आणि कान त्याच्याच उंचीवर आणून भिंतींच्या कडेने रांगत फिरावे. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि सुटा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. ध्वनीचा स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला ध्वनीचा प्रवास बदलत नाही, हे हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. ही युक्ती त्याच तत्त्वावर उभी आहे. बजेट असेल तर एका मोठ्याऐवजी दोन लहान सबवूफर घ्यावेत. हरमन कंपनीतील संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर खोलीभर बराच समान खर्ज देतात.

आता शेजाऱ्याचे घर. भिंत उंच स्वर बऱ्यापैकी अडवते. सूर जितका खालचा, तितकी तिची अडवण्याची ताकद कमी. त्यामुळे पलीकडच्या बेडरूममध्ये संवाद पोचत नाहीत, गाणे पोचत नाही, पोचते ती नुसती धडधड. भिंतीला चिकटवलेला दोन इंची फोम इथे निरुपयोगी आहे, कारण ४० हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्साच सात फूट भरतो. सबवूफरखालचे रबरी पॅड जमिनीतून जाणारी कंपने कमी करतात, हवेतून जाणारा खर्ज थांबवत नाहीत.

कायदाही शेजाऱ्याच्या फारसा कामी येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे; खासगी ध्वनियंत्रणेला घराच्या हद्दीवर आणखी ५ डेसिबलची सूट मिळते. पण ही मोजणी ज्या ‘ए’ पट्टीवर होते ती ४० हर्ट्झच्या सुरातून जवळपास ३५ डेसिबल वजा करते. म्हणजे प्रत्यक्षात ८० डेसिबलचा खर्ज मापकावर सुमारे ४५ दिसतो आणि रात्रीसुद्धा नियमात बसतो. खर्ज जास्त असेल तिथे मर्यादा आणखी खाली आणावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत सुचवले होते. आपल्या नियमांत खर्जाची वेगळी मोजणी यायलाच हवी. मिरवणुकीतल्या डीजेने छातीत धडधडते असे आपण दर गणेशोत्सवात म्हणतो. त्या तक्रारीलाही मोजणीतली ही उणीव भोवते.

नियम बदलेपर्यंत जबाबदारी सबवूफरच्या मालकाची आहे. शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत टाळा. आपल्याच दोन खोल्यांमधली भिंत निवडा. जागा असेल तर सबवूफर सोफ्याच्या अगदी जवळ ठेवून पाहा, कमी आवाजात तेवढाच खर्ज मिळतो. रात्री दहानंतर त्याची पातळी उतरवा. आणि सगळे जुळले की शेजाऱ्याची परवानगी घेऊन चित्रपटातला सर्वांत दणदणीत प्रसंग लावा आणि त्याच्या बेडरूममध्ये जाऊन ऐका. तिथे धडधड जाणवली तर सबवूफरची जागा अजून सापडलेली नाही, असेच समजा.