कुलाब्याची नोंद वर्गात यायला हवी

१ सप्टेंबर १८५९. रिचर्ड कॅरिंग्टन हे इंग्लिश खगोलनिरीक्षक सूर्यावरील डागांचे चित्र काढत असताना डागांच्या एका मोठ्या समूहावर त्यांना पांढऱ्या प्रकाशाचा लखलखाट दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड या शहरांदरम्यानची तारयंत्रे बॅटरी काढूनही काही काळ चालली. त्याच सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले निरीक्षक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी हाताने लिहून घेत होते. त्या नोंदींत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे दिसते. या वादळाची तीव्रता ठरवताना जगभरातले शास्त्रज्ञ आजही या आकड्याचा आधार घेतात.

महाराष्ट्रातल्या किती विद्यार्थ्यांना हे सांगितले जाते? त्यांच्यापर्यंत सौर वादळ पोहोचते ते मोबाईलवरच्या संदेशातून: ‘आज रात्री घातक किरण येणार, फोन दूर ठेवा.’ शाळेने विषय समजावला नाही, तर ती जागा अफवा घेते.

यासाठी नवे पुस्तक लागत नाही. दहावीच्या विज्ञानात विद्युतचुंबकीय प्रवर्तन आहे, अंतराळ मोहिमाही आहेत. फक्त या दोन धड्यांची गाठ कोणी घालून देत नाही. कुलाब्यातली घसरण तिथल्या एकूण क्षेत्राच्या जेमतेम चार-पाच टक्के होती. पण बदलते चुंबकीय क्षेत्र तारेत विद्युतधारा निर्माण करते आणि तार शेकडो किलोमीटर लांब असेल, तर एवढा बदलही भारी पडतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा अवघ्या दीड मिनिटात कोसळली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. फॅरेडेचा नियम फळ्यावर लिहिण्याआधी ही घटना सांगितली, तर तो नियम पाठ करावा लागणार नाही.

मुलांचे गोंधळही इथेच सोडवता येतील. सौरज्वालेचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो आणि रेडिओ संपर्कात अडथळा आणतो. सूर्याने बाहेर फेकलेला विद्युतभारित वायूचा ढग मात्र यायला साधारण एक ते तीन दिवस घेतो; मोठे चुंबकीय वादळ होते ते त्याच्यामुळे. जमिनीवरच्या माणसाला वातावरणाचे आणि चुंबकीय क्षेत्राचे कवच असते, त्यामुळे शरीराला थेट इजा होत नाही. प्रारणाचा धोका असतो तो अंतराळवीरांना. भारत ध्रुवांपासून दूर असल्याने आपल्या वीजजाळ्याला धोका तुलनेने कमी आहे. पण उपग्रह आणि जीपीएस सगळ्यांचेच आहेत. मे २०२४ च्या वादळात ऐन पेरणीच्या दिवसांत अमेरिकी शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडले आणि लडाखमधल्या हानले इथे आकाश तांबडे झाले. एकाच वादळाची ही दोन रूपे मुलांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. पण यासाठी दोन तासिका पुरतात. एका तासात कुलाब्याची घसरण आणि क्वेबेकचा अंधार. दुसऱ्या तासात पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून कागदावर सूर्याची प्रतिमा पाडणे. सूर्याकडे, विशेषतः दुर्बिणीतून, थेट पाहू नये, हा नियम त्याच तासात पक्का व्हायला हवा. नेत्रपटल भाजते तेव्हा दुखत नाही आणि गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही.

पुढचे धागे तर घराजवळच आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदींचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. भारतीय भूचुंबकत्व संस्था पनवेलला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या आदित्य-एल१ यानावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’च्या पुढाकाराने घडली. हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. अशा ठिकाणाहून ढगाची चाहूल लागल्यावर हाती उरतो तो फार तर तासाभराचा अवधी. तेवढ्या वेळात काय करायचे, हे ठरवणारे अभियंते आज कुठल्या तरी शाळेत बसले आहेत.

कुलाब्याच्या निरीक्षकांना १८५९ मध्ये वादळाचे कारण ठाऊक नव्हते. सुई भरकटली तरी ते घाबरले नाहीत. नोंद घेत राहिले. विज्ञानाच्या तासाला मुलांनी शिकावे ते हेच.