अंगण हातभर, वेल गावभर

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण भोपळ्याच्या कुळाला कोणी दिलेली नाही. जूनमध्ये टोचलेले दुधीचे बी आठवड्याभरात दोन जाड दले उघडते आणि दीड-दोन महिन्यांत तोच वेल कुंपण ओलांडून शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो. सांगली-कोल्हापूरकडील जुन्या घरांना मागे परडे असे; तेथे वेल कौलांवर चढला तरी कोणाची तक्रार नसे. आज पुष्कळ ठिकाणी ते परडे आक्रसून दारापुढील सहा बाय दहा फुटांच्या पट्ट्यात येऊन ठेपले आहे. त्यामुळे अनेक कुटुंबे मिरची-कोथिंबिरीवरच समाधान मानतात. वास्तविक वेलाला जमीन थोडीच लागते. वाढीला दिशा मात्र द्यावी लागते.

अशाच एका पट्ट्यात एका सासू-सुनेने गेल्या पावसाळ्यात दुधी लावला. कागदी पेल्यांत टोचलेल्या तिन्ही बिया उगवल्या. एवढ्या जागेत एकच वेल पोसेल, हे सुनेचे म्हणणे रास्त होते. परंतु उगवलेले रोप उपटून टाकणे सासूबाईंच्या मनाला पटेना. अखेर दोन रोपे मोठे अंगण असलेल्या शेजाऱ्यांकडे गेली. या वेलांच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून पेल्याचा तळ फाडून रोप मातीसकट खड्ड्यात ठेवावे, एवढी सूचनाही सोबत गेली.

उरलेल्या रोपासाठी भरपूर ऊन येणाऱ्या कोपऱ्यात दीड फूट खोल खड्डा घेऊन त्यात कुजलेले शेणखत मिसळले. जमीन नसेल तेथे तळाला छिद्रे पाडलेले चाळीस-पन्नास लिटरचे पिंप चालते. मात्र एका पिंपात एकच वेल. दोन बांबू, दोरी आणि जाळी यांचा सहा फूट उंचीचा मांडव झाला. वेल वर गेला आणि खालची जागा पुदिन्याला मोकळी राहिली.

वेल मांडवाला टेकताच सुनेने शेंडा खुडण्यासाठी कात्री घेतली.

“अगं, चढत्या वेलाला कात्री लावू नये!” सासूबाई कळवळल्या.

“आई, मुख्य वेलावर बहुतेक नरफुलेच येतात. मादीफुले बाजूच्या फांद्यांवर अधिक धरतात. शेंडा खुडला की त्या फुटतील.”

शेंडा खुडला गेला. पंधरवड्यात बगलफांद्या फुटल्या. त्यांपैकी तीन-चार राखून जाळीवर पसरविल्या. फुलाखाली इवलासा दुधी असलेली मादीफुलेही दिसू लागली. पण बोटाएवढे झालेले ते दुधी एकामागून एक पिवळे पडून गळाले. कात्रीचाच हा दोष, असे सासूबाईंना वाटले आणि दोन दिवस त्या विषयावर घरात अबोला राहिला.

दोष कात्रीचा नव्हता. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते आणि त्याचे परागीभवन मुख्यत्वे निशाचर पतंग करतात. चारी बाजूंनी भिंती आणि रात्रभर दिव्यांचा झगमगाट असलेल्या ठिकाणी हे पाहुणे फिरकतीलच असे नाही. हे उकलले सासूबाईंनाच. माहेरच्या परड्यात आजी दिवेलागणीला एक फूल तोडून दुसऱ्याला लावीत असे, ही आठवण त्यांना झाली. त्याच संध्याकाळी त्यांनी ताजे नरफूल तोडले, पाकळ्या मागे दुमडल्या आणि परागकोष मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकविला. चार दिवसांत त्या दुधीची मान खाली झुकली. फळ धरले होते. तांबड्या भोपळ्याचे पिवळे फूल मात्र पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटते. त्यासाठी हेच काम सकाळी करावे.

फळ धरल्यानंतर फळमाशीचे भय असते. औषध फवारले तर मधमाश्याही बळी पडतात. त्यापेक्षा कोवळ्या फळाला विरळ कापडाची पिशवी बांधली की फळही वाचते आणि जीवही. पाणी सकाळी बुंध्याशीच द्यावे. भर दुपारी पाने मलूल झाली तरी घाबरू नये. सायंकाळी ती सावरली तर वेलाला तहान नाही असे समजावे. शेणखताचा अतिरेकही टाळावा, अन्यथा पाने माजतात आणि फुले रुसतात.

दोनेक आठवड्यांत, नख सहज रुतते तोवर, दुधी काढावा. जून फळ वेलावर राहिले की पुढची फळे मंदावतात. चिरताना एक छोटी फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर तो संपूर्ण दुधी टाकून द्यावा. गुळाने कडूपणा झाकू नये. कडू दुधीतील द्रव्ये शिजवूनही हमखास जात नाहीत आणि त्याचा रस तर जिवावर बेतू शकतो. अशा फळाचे बीही पुढच्या वर्षासाठी राखू नये.

त्या घरच्या पहिल्या दुधीची फोड गोड निघाली. निम्मा दुधी भाजीला घेतला गेला आणि उरलेला निम्मा शेजारी पोहोचला. पुढील फुले उमलण्याच्या वेळी सुनेने कात्री बाजूला ठेवली आणि सासूबाईंच्या शेजारी उभी राहून नरफूल कसे धरायचे ते शिकून घेतले.