पडद्यावरचे 'केजीएफ' आणि खरे कोलार

बंगळुरूच्या होम्बाळे फिल्म्सचे 'केजीएफ' चित्रपट (२०१८ व २०२२) आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिले असतील. तिकिटाचे पैसे फुकट गेले, असे आम्ही म्हणणार नाही. नायक यश हा बसचालकाचा मुलगा, आणि तो पडदा भरून टाकतो. आमचा आक्षेप आहे तो खाणकामगारांच्या चित्रणाला.

चित्रपटातले कामगार म्हणजे बंदुकीच्या धाकातले मुके गुलाम. मार खातात, मरतात आणि तारणहाराची वाट पाहतात. कथा काल्पनिक आहे हे मान्य; पण नाव तर खऱ्या गावाचे घेतले! कथेचा काळ सत्तरच्या दशकाच्या अखेरचा. त्या वेळी कोलारच्या खाणी कोणा गुंडाच्या नव्हत्या. १९७२ पासून त्या भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीकडे होत्या. तिथे कामगारांच्या युनियन होत्या. त्याच्याही कितीतरी आधी, इंग्रज कंपनीच्या अमलात, बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीविरुद्ध तिथल्या हजारो कामगारांनी १९३० मध्ये संप केला. त्यांना कोणी 'रॉकी भाई' लागला नाही.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. मागे उरल्या सायनाइडमिश्रित मातीच्या टेकड्या. खाणकामगारांची मुले मारिकुप्पमहून पहाटेची गाडी पकडून रोजगारासाठी बंगळुरूला येऊ लागली. ती गर्दी तिथल्या रेल्वे बंधूंना चांगली ठाऊक आहे. दोन भागांत त्या गाडीला जागा मिळाली नाही. तिसऱ्या भागाचे सूतोवाच झालेले आहे. दिग्दर्शक प्रशांत नील यांनी लिहायला बसण्यापूर्वी एकदा त्या गाडीने प्रवास करावा.