कोडी : आधी खेळ, मग गाव
वायोमिंगमधील कोडी येथे उन्हाळाभर रोज रात्री रोडिओ रंगतो आणि पर्यटक त्यालाच ‘जुना पश्चिम’ समजतात. कालक्रम वेगळेच सांगतो. बफेलो बिल कोडीचा ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ १८८३ चा. त्याने वसवलेले हे गाव १८९० च्या दशकातले. म्हणजे वारशाआधी त्याचे नाट्य उभे राहिले होते! १८८५ मध्ये तर खुद्द लाकोटा नेता सिटिंग बुल त्या खेळाबरोबर फिरला.

‘रोडिओ’ हा शब्दच स्पॅनिश. फासा टाकून गुरे धरण्याची विद्या मेक्सिकन वाकेरोंची. धावत्या बैलाला शिंगे धरून लोळवण्याचा प्रकार प्रसिद्ध केला कृष्णवर्णीय बिल पिकेटने. गावातील संग्रहालयात मूलनिवासींसाठी स्वतंत्र दालन आहे, ही जमेची बाजू. रिंगणातील निवेदकानेही पहिला घोडा सुटण्यापूर्वी वाकेरोंचे आणि पिकेटचे ऋण मोकळेपणाने सांगावे.