पिंजऱ्यातली ओल

गिनीपिग किंवा ससा पाळणारे अनेकजण पिंजऱ्यात मऊ कापड अंथरतात. पण मऊपणापेक्षा महत्त्वाचा कोरडेपणा. मूत्रातील युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. त्याने अंथरुणालगत श्वास घेणाऱ्या या जिवांच्या श्वसनमार्गाचा दाह होतो. ओलीमुळे तळपायांना जखमाही होतात. फ्लीसचे कापड ओल शोषून धरत नाही, खाली झिरपू देते; म्हणून त्याखाली जाड सुती टॉवेल हवाच. नवे फ्लीस आधी दोन-तीनदा धुवावे. फॅब्रिक कंडिशनर मात्र टाळावे. त्याच्या थरामुळे पाणी झिरपत नाही. पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, तेव्हा जास्तीचे जोड ठेवावेत. माणसाच्या नाकाला वास जाणवेपर्यंत त्या मुक्या जिवाने तो बराच वेळ सोसलेला असतो.