निष्ठा एकट्या खेळाडूनेच का राखावी?

अमेरिकेतील 'एनबीए' या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील डॅलस संघाने फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉन्चिच हा आपला पंचविशीतला सर्वोत्तम खेळाडू लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला देऊन टाकला. मोबदल्यात मुख्यतः मिळाला तो त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा अँथनी डेव्हिस. आठच महिन्यांपूर्वी डॉन्चिचने डॅलसला अंतिम फेरीपर्यंत नेले होते. तथापि व्यवहार पुरा होईपर्यंत त्याला त्याचा पत्ताही नव्हता. प्रेक्षकांनी निदर्शने केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाच्या सरव्यवस्थापकाला जावे लागले. परंतु एका अधिकाऱ्याची नोकरी गेल्याने मूळ प्रश्न मिटत नाही. निष्ठेची अपेक्षा कोणी कोणाकडून करावी, हा तो प्रश्न आहे.

या खेळात माणसे दोन वाटांनी संघ बदलतात. एक वाट अदलाबदलीची. तिच्यात दोन संघ आपसांत ठरवतात आणि खेळाडूने निमूटपणे जायचे असते. बदलीच्या हुकमाची सवय असलेल्या शिक्षकाला वा कारकुनाला यात नवल वाटणार नाही. पण बदली झालेल्या कारकुनाचा धनी तोच राहतो, येथे धनीही बदलतो. दुसरी वाट मुक्ततेची. करार संपला की खेळाडूने आपल्या मर्जीने नवा संघ निवडायचा.

ही दुसरी वाट कोणी दयेपोटी खुली केलेली नाही. करार संपल्यावरही खेळाडू जुन्या संघाशीच बांधलेला राही. त्याविरुद्ध खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने १९७० मध्ये दावा दाखल झाला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि जोखड सैल झाले. पुरती मोकळीक मिळण्यास १९८८ उजाडावे लागले. त्या वर्षी टॉम चेंबर्स हा सिअ‍ॅटल सोडून फीनिक्सला गेला, तो या नव्या नियमाखालचा पहिला मुक्त खेळाडू होय.

बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच जण मैदानात असतात. म्हणून एक माणूस हलला की सारा संघ हलतो. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला. आदल्या हंगामात ६१ सामने जिंकणारा क्लीव्हलँडचा संघ पुढच्या हंगामात ८२ पैकी १९ जिंकू शकला. संघमालकाने जाहीर पत्र लिहून हा विश्वासघात ठरवला. वस्तुतः जेम्सने करार पुरा पाळला होता.

मुक्ततेविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा की, धनिक शहरे सारे तारे ओढून नेतील आणि लहान शहरांना खेळच उरणार नाही. या आक्षेपाला सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने बेसबॉलच्या संदर्भात १९५६ मध्येच उत्तर दिले होते. कौशल्याला जेथे अधिक मोल तेथे ते दोन्ही व्यवस्थांत जाते. बंधनाने फरक पडतो तो ते मोल कोणाच्या खिशात जाते एवढाच, असे त्याचे म्हणणे. अनुभवही त्याला बराचसा धरून आहे. करीम अब्दुल-जब्बार मिलवॉकीहून लॉस एंजेलिसला गेला तो १९७५ मध्ये, म्हणजे मुक्ततेच्या आधी आणि अदलाबदलीनेच. उलट ओक्लाहोमा सिटी हे लहान शहर पाहा. २०१६ मध्ये केव्हिन ड्युरँट मुक्त होऊन तेथून गेला. पुढे २०१९ मध्ये त्या संघाने पॉल जॉर्जला देऊन तरुण शे गिल्जस-अलेक्झांडर आणि नवोदितांच्या निवडीचे पहिल्या फेरीतील पाच हक्क मिळवले, धीर धरला आणि २०२५ चे अजिंक्यपद जिंकले. म्हणजे अदलाबदलही सरसकट वाईट नव्हे. तारा गमावलेल्या संघाला ती पुन्हा उभे करते.

मग दोष कोठे आहे? तो नियमांच्या असमतोलात आहे. १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला मर्यादा आली. ती तेव्हा ३६ लाख डॉलर होती. त्यासोबत आपला खेळाडू टिकवू पाहणाऱ्या संघाला सवलतीही मिळाल्या. पुढे तर आरंभापासून एकाच संघात राहिलेल्या श्रेष्ठ खेळाडूला त्याच संघाकडून सर्वांत मोठा करार मिळू शकेल, असा नियम झाला. हे निष्ठेचे बक्षीसच होय. डॉन्चिच त्या बक्षिसाच्या उंबरठ्यावर होता. संघाने त्याला घालवले आणि त्याची पात्रता संपली. नाते तोडले एकाने, दंड पडला दुसऱ्याला!

याला उपाय अवघड नाही. अदलाबदल बंद करण्याचे कारण नाही. पण संघाने आपल्या मर्जीने खेळाडूला दुसरीकडे धाडले, तर त्याने सेवेने मिळवलेली पात्रता त्याच्याबरोबर जावी. आज करारात बदलीस नकाराचा हक्क मागता येतो तो आठ वर्षे स्पर्धेत आणि त्यांपैकी किमान चार वर्षे त्याच संघात काढलेल्यालाच. ही अट सैल करावी.

या खेळाडूंना कोट्यवधी डॉलर मिळतात, मग त्यांची कणव कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पगार मोठा असल्याने माणूस वस्तू ठरत नाही. ज्याला न विचारता पाठवता येते, त्याच्याकडून निष्ठा मागण्याचा अधिकार मालकाला उरत नाही. फार तर कराराची मुदत पाळण्याची मागणी त्याने करावी.