ओटीपी सांगण्याआधी मजकूर वाचा

पीएम किसानची केवायसी असो, शेतकरी ओळख क्रमांक असो, की महाडीबीटीवरचा अर्ज. आज बहुतेक कामं मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीपाशी येऊन थांबतात. 2019 साली पीएम किसान योजना सुरू झाली आणि वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यावर येऊ लागले. पैसा थेट आला, तसा चोरही थेट फोनवर आला.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा आकडा. तो यंत्र काढते. त्याला ना क्रम, ना हिशोब. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर पासवर्ड ठेवला तर ओळखीचा माणूस अंदाज बांधू शकतो. सहा आकडी ओटीपीचे मात्र दहा लाख प्रकार होतात. आधारचा ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो. म्हणून चोर तो शोधत बसत नाही, सरळ मागून घेतो. "काका, हप्ता अडकलाय, आलेला नंबर सांगा." नाहीतर पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाईल धाडतो. ती फोनमध्ये घेऊन परवानगी दिली, की आलेले मेसेज परस्पर त्याच्याकडे जातात.

'ओटीपी कोणालाही सांगू नका' असे फलक जागोजागी आहेत. पण शेतकरी विचारतो, "सायेब, नाही सांगितला तर सेवा केंद्रावर काम कसं व्हायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर असं: काम आपण स्वतः सांगितलेलं असावं, आपण समोर हजर असावं आणि मेसेज कशासाठी आलाय ते आधी वाचून घ्यावं. मजकूर इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. जमेल तिथं आकडा स्वतःच्या हातानं टाका. केवायसी करताना पैसे काढल्याचा मेसेज आला तर तिथंच थांबा. फोनवर मागणाऱ्याला, मग तो बँकेचं नाव सांगो की कृषी खात्याचं, आकडा द्यायचाच नाही. पीएम किसानची केवायसी ओटीपीशिवाय अंगठा किंवा चेहरा दाखवूनही होते.

आधारला जोडलेला नंबर कोणाचा, हेही पाहा. दुकानदाराचा किंवा लांबच्या भाच्याचा असेल, तर चावी त्याच्या खिशात आहे. आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या.

आता दोन शब्द आपल्या गावपातळीवरच्या मंडळींसाठी. उद्दिष्ट पुरं करायच्या घाईत फोनवरून ओटीपी गोळा करणं बंद व्हायला हवं. तलाठी, ग्रामसेवक किंवा आम्ही कृषी खात्याची माणसं फोनवर आकडा मागू लागलो, की गावाला तीच सवय लागते. उद्या चोर आमच्याच नावानं फोन करील आणि शेतकरी विश्वासानं आकडा सांगेल. त्यापेक्षा चावडीवर एक दिवस शिबिर घ्या.

फसवणूक झालीच तर लाजू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा, बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं, की ग्राहकानं स्वतः गुप्त आकडा दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. म्हणजे गप्प बसण्यातली प्रत्येक घटका महाग पडते.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या नसतात. ही किल्ली दहाच मिनिटांची असली, तरी खातं रिकामं व्हायला तेवढा वेळ पुरतो.